घर कशाकशाला जोडलेलं असतं?

गॅसची इवलीशी निळी ज्योत लावायची आणि तिच्या जोरावर बर्फ करायचा. ऐकायला थाप वाटते, पण अमेरिकेच्या वाळवंटात, विजेच्या तारांपासून मैलोगणती दूर, असंख्य घरांत हे रोज घडतं. या घरांना चाकं आहेत. काहींना स्वतःचं इंजिन असतं, काही ट्रकमागून ओढली जातात. सगळ्यांना मिळून आरव्ही, म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल म्हणतात. नाव सहलीचं असलं तरी त्यांत राहणारे सगळेच सहलीला निघालेले नसतात. कित्येकांनी मूळचं घर विकलेलं असतं, फर्निचर वाटून टाकलेलं असतं आणि आता बाराही महिने या गाडीतच त्यांचा मुक्काम असतो. तिकडे अशा लोकांना फुलटायमर म्हणतात.

या जगण्याचा विषय निघाला की गप्पा मोकळ्या रस्त्याच्या आणि सूर्यास्तांच्या होतात. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला घर म्हणजे चार भिंती वाटतात. पण नळामागे नगरपालिका असते, संडासामागे मैलावाहिनी, बटणामागे वीजकेंद्र आणि दारावरच्या नंबरामागे अख्खं सरकार. घर रस्त्याला लागलं की या जोडण्या एका दिवसात तुटतात आणि मग एकेक करून स्वतःच्या हातांनी परत उभ्या कराव्या लागतात. कशा उभ्या करतात, ते बघत गेलं की आपल्याच घराचा आतला नकाशा दिसायला लागतो.

साडेआठ फुटांत दिवाणखाना

सुरुवात भिंतींपासूनच करू, कारण तो सगळ्यात सोपा भाग. अमेरिकेतल्या मोठ्या रस्त्यांवर खास परवानगीशिवाय वाहनाला साडेआठ फुटांहून रुंद होता येत नाही. म्हणजे कितीही पैसे मोजले तरी धावताना घर तेवढंच अरुंद. यावरचा तोडगा गमतीदार आहे. गाडी थांबली की बटण दाबायचं. मोटरच्या जोरावर भिंतीचा एक अख्खा तुकडा, सोफ्यासकट किंवा पलंगासकट, दोन-तीन फूट बाहेर सरकतो आणि बोळाचा दिवाणखाना होतो. निघताना भिंत परत आत. या सरकत्या भागाला स्लाइड-आउट म्हणतात. बाहेर सरकलेल्या खोलीच्या कडेनं पाऊस आत येऊ नये म्हणून भोवती रबरी पट्ट्या असतात आणि त्यांची निगा राखणं हे फुलटायमरचं कायमचं काम.

शिवाय हे घर ताशी शंभर किलोमीटरनं धावतं. आतल्या प्रत्येक स्क्रूच्या, कपाटाच्या आणि पाइपाच्या दृष्टीनं तो तासन्‌तास चालणारा भूकंप असतो. म्हणून कपाटांना कड्या लागतात, फ्रिजच्या दाराला खटका लागतो, आणि निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून काय उघडं राहिलं ते बघावंच लागतं.

अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या भागात तयार होतात. तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे कारागीर मोठ्या संख्येनं काम करतात. हे लोक स्वतःची मोटारगाडी बाळगत नाहीत, गावात घोडागाडीनं फिरतात. अमेरिकेच्या भटक्यांची घरं अशा लोकांच्या हातून तयार होतात, ज्यांनी धर्म म्हणून भटकण्याचं यंत्रच नाकारलं आहे.

तीन टाक्या

आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी ग्रे टँक, तिच्यात बेसिनचं, सिंकचं आणि अंघोळीचं पाणी जातं. तिसरी ब्लॅक टँक, तिच्यात संडासाचं.

मोठ्या गाडीतही स्वच्छ पाणी तीन-चारशे लिटरच मावतं. पक्क्या घरातलं सरासरी अमेरिकन कुटुंब दिवसाला हजार लिटरहून जास्त पाणी वापरतं. त्या हिशेबानं ही टाकी दुपारीच कोरडी पडली असती. फुलटायमर तीच टाकी आठवडाभर, काही जण त्याहून जास्त पुरवतात. अंघोळीची रीत अशी की अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण लावायचा, पाणी चालू, धुवायचं, बंद. गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी वाहतं ते भांड्यात धरून ठेवायचं. पाण्याचं वजनही विसरून चालत नाही. चारशे लिटर म्हणजे चारशे किलो, आणि हा भार डोंगरावर चढवायला डिझेल लागतं. त्यामुळे टाकी किती भरायची, हे पुढचं पाणी किती अंतरावर आहे त्यावर ठरतं.

पाणी आणण्यापेक्षा ते टाकून देणं अवघड. टाक्या रिकाम्या करण्यासाठी ठिकठिकाणी डम्प स्टेशन असतात. जमिनीत मैलावाहिनीचं तोंड असतं, गाडीला जाड नळी लावायची, तिचं दुसरं टोक त्या तोंडात बसवायचं आणि झडप ओढायची. यातही शास्त्र आहे. आधी ब्लॅक टँक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुतली जाते. नवख्याला वाटतं की नळीची सोय कायम असेल तर ब्लॅक टँकची झडप उघडीच ठेवावी, कटकट नको. तसं केलं की पाणी निघून जातं आणि घट्ट मैला बरोबर संडासाच्या भोकाखाली साचत जाऊन त्याचा सुळका उभा राहतो. जुने फुलटायमर त्याला पिरॅमिड म्हणतात आणि त्याच्या गोष्टी नव्यांना जेवणाआधी सांगतात. म्हणून झडप बंद ठेवायची, टाकी भरत आली की एकदम सोडायची. जोरात धावणारं पाणीच घाण ओढून नेतं. शहराच्या मैलावाहिनीला उतार का द्यावा लागतो, हे इथे गुडघ्यावर बसून शिकायला मिळतं.

घरातून नको ते बाहेर पडू द्यायचं नाही, या कसबाची परिसीमा 1969 साली झाली. अपोलो 11 चे अंतराळवीर चंद्रावरून परत आले तेव्हा तिकडचे अज्ञात जंतू पृथ्वीवर पसरतील अशी धास्ती होती. म्हणून त्यांना यूएसएस हॉर्नेट या जहाजावर एका बंदिस्त गाडीत ठेवलं. ती गाडी म्हणजे फेरबदल केलेला एअरस्ट्रीम ट्रेलर, तोच चकचकीत ॲल्युमिनियमचा गोलसर ट्रेलर, जो वॉली बायम यांच्या कंपनीनं 1930 च्या दशकात सहलखोरांसाठी काढला होता. आतली हवा बाहेर झिरपू नये म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी चंद्रवीरांचं स्वागत केलं ते या ट्रेलरच्या खिडकीच्या काचेतून.

ज्योत आणि बर्फ

आता त्या निळ्या ज्योतीकडे येऊ. आपल्या घरातल्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, त्याला वीज लागते. आरव्हीतल्या पारंपरिक फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नाही, पंखा नाही, हलणारा एकही भाग नाही. आहेत फक्त वळणावळणाच्या नळ्या, आणि त्यांत कायमचे बंद केलेले तीन पदार्थ: पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन.

खालच्या ज्योतीनं अमोनिया विरघळलेलं पाणी तापतं. उतू जाताना चहाचा फेस जसा द्रवाला बरोबर घेऊन वर चढतो, तसे अमोनियाचे बुडबुडे अरुंद नळीतून द्रवाला वर ढकलत नेतात. हाच या यंत्राचा पंप. वर गेल्यावर अमोनिया पाण्यापासून सुटा होतो, फ्रिजमागच्या जाळीतून उष्णता बाहेर टाकतो आणि थंड होऊन द्रव बनतो. मग तो फ्रिजच्या आतल्या नळीत उतरतो आणि तिथे त्याची गाठ हायड्रोजनशी पडते. खरी जादू इथे आहे. नळीतला एकूण दाब सगळीकडे सारखाच असतो, पण त्यातला बराचसा भार आता हायड्रोजन उचलतो, त्यामुळे अमोनियाच्या वाट्याला कमी दाब येतो. कमी दाबात तो झपाट्यानं वाफ होऊ लागतो आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या अन्नातून, दुधातून, पाण्यातून खेचून घेतो. पाण्याचा बर्फ होतो. शेवटी खाली उतरणारं पाणी अमोनियाला परत पोटात घेतं, हायड्रोजन मोकळा होतो आणि चक्र पुन्हा सुरू.

बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली ही रचना शोधली. इलेक्ट्रोलक्स कंपनीनं ती विकत घेऊन जगभर नेली. त्याच दशकात आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीही हलत्या भागांशिवाय चालणाऱ्या फ्रिजवर काम केलं आणि पेटंट घेतली.

या फ्रिजची एकच अट असते: गाडी समपातळीत उभी हवी. आतलं सगळं अभिसरण बुडबुड्यांवर आणि गुरुत्वाकर्षणावर चालतं. गाडी कलली तर द्रव नळीच्या वळणात साचून राहतो, ज्योत त्याच जागी तापवत राहते आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी चाकांखाली ठोकळे सरकवायचे, स्पिरिट लेव्हलमधला बुडबुडा मध्यावर आणायचा, मग बाकीचं. हल्लीच्या बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज येतात, त्यांना कलण्याची फारशी पर्वा नसते. त्यांना मात्र वीज लागते, आणि ती कुठून आणायची हा पुढचा प्रश्न.

मोजून मिळणारी वीज

कॅम्पग्राउंडमध्ये उतरलं तर विजेचा खांब मिळतो, जाड वायर जोडली की झालं. पण कॅम्पग्राउंडचं भाडं रोज देणं अनेकांना परवडत नाही आणि गजबजही नको असते. असे लोक रानात, वाळवंटात उतरतात. तिथे वीज म्हणजे छतावरचं सौर पॅनेल आणि पलंगाखालच्या बॅटऱ्या.

हिशेब आपल्या विजेच्या बिलाच्या भाषेत करू. 12 व्होल्टच्या, 100 अँपिअर-तासाच्या बॅटरीत साधारण 1.2 युनिट वीज मावते. शिशाची जुनी बॅटरी असेल तर ती टिकवण्यासाठी त्यातली निम्मीच वापरायची. लिथियमची असेल तर जवळजवळ सगळी मिळते. छतावर 400 वॅटची पॅनेलं असतील तर लख्ख उन्हाच्या दिवशी दीड-दोन युनिट हाती येतात. छतावरचा एसी मात्र तासाला सुमारे दीड युनिट खातो. म्हणजे दिवसभर उन्हातून जमवलेली पुंजी एसी जेमतेम तासाभरात संपवणार. दिवे, फोन, लॅपटॉप आणि पाण्याचा छोटा पंप यांचं मात्र त्यात आरामात भागतं. हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की पॅनेलं त्याच्याकडे कलती करायची. आभाळ भरून आलं की लॅपटॉपचं काम उद्यावर ढकलायचं. अशा घरात हवामानाचा अंदाज म्हणजे विजेचं वेळापत्रक.

एसी परवडत नाही, मग उन्हाळा काढायचा कसा? फुलटायमर म्हणतात, हवा कशाला बदलायची, गावच बदलू.

हवेच्या मागोमाग

दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. ॲरिझोना राज्यातलं क्वार्टझाइट समुद्रसपाटीपासून जेमतेम 270 मीटरवर आहे. जुलैत तिथे पारा चाळिशीच्या वर जातो. त्याच राज्यात, गाडीनं एका दिवसाच्या अंतरावर, फ्लॅगस्टाफ 2,100 मीटरवर पाइनच्या जंगलात वसलेलं आहे आणि तिथली जुलैतली दुपार अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. थंडीत खाली उतरायचं, उन्हाळ्यात वर चढायचं. एसीचं काम स्टिअरिंग करतं.

ब्रायन ब्रेटश्नायडर या अलास्कातल्या हवामानतज्ज्ञानं 2015 साली ही कल्पना टोकाला नेली. रोजचं सरासरी कमाल तापमान 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे 21 अंश सेल्सिअस, असेल अशीच जागा वर्षाच्या प्रत्येक दिवशी गाठायची झाली तर वाट कशी असेल, याचा त्यानं नकाशा काढला. जानेवारीत टेक्सासच्या दक्षिण टोकाला सुरू झालेली ही वाट भर उन्हाळ्यात अलास्कात पोचते आणि डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगोजवळ संपते. सुमारे 21,000 किलोमीटर. तीनशे पासष्ट दिवस एकच ऋतू.

उभं राहायचा हक्क

इतकं फिरायचं तर रात्री थांबायचं कुठे? अमेरिकेत याचं उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याकडे सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे, महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त, आणि बरीचशी पश्चिमेच्या कोरड्या राज्यांत. तिच्यातल्या मोठ्या भागावर कोणीही फुकट मुक्काम करू शकतो. साधारण नियम असा की एका जागी चौदा दिवस, मग काही मैल दूर सरकायचं. पाणी नाही, वीज नाही, कचऱ्याचा डबा नाही, शेजाऱ्याची कुरकुरही नाही.

ज्यांना दर पंधरवड्याला हलायचं नसतं त्यांच्यासाठी याच खात्यानं 1983 साली दीर्घ मुक्कामाची क्षेत्रं काढली. क्वार्टझाइटजवळचं ला पोसा हे त्यातलं प्रसिद्ध. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा सात महिन्यांचा परवाना बरीच वर्षं फक्त 180 डॉलरना मिळत आला. त्यामुळे उन्हाळ्यात दोन-अडीच हजार वस्तीचं हे गाव जानेवारीत ओळखू येत नाही. खडकाळ माळावर नजर पोचेल तिथपर्यंत पांढरी छपरं, आणि त्यांच्यामध्ये रत्नं-दगडांचे बाजार, जुन्या वस्तूंचे ठेले, आरव्हीच्या सुट्या भागांचं मोठं प्रदर्शन.

या गावात एक दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर उंटाची आकृती. ती हादजी अली या उंटवाल्याची समाधी. अमेरिकन सैन्यानं 1850 च्या दशकात वाळवंटात ओझी वाहण्यासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर तोही ऑटोमन साम्राज्यातून आला. उंटांचा प्रयोग फसला, पण तो परत गेला नाही आणि 1902 साली इथेच वारला. अमेरिकनांना त्याचं नाव उच्चारता येईना, त्यांनी त्याला हाय जॉली करून टाकलं. फिरत्या लोकांच्या गावाला याहून शोभेल असा पूर्वज सापडायचा नाही.

रोजगार आणि पत्ता

सगळेच हौसेनं आलेले नसतात, हे इथे सांगायला हवं. 2008 च्या मंदीत घर आणि आयुष्यभराची बचत गमावलेल्या कित्येक म्हाताऱ्यांनी गाडीत राहायला सुरुवात केली ती भाडं चुकवण्यासाठी. पत्रकार जेसिका ब्रुडर यांनी 2017 च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं. त्यावरच्या क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला 2021 साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. गाडीत कमी पैशांत कसं राहावं हे शिकवणारे बॉब वेल्स त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहेत.

या लोकांचा रोजगारही ऋतूंबरोबर फिरतो. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडची देखरेख. ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यात साखरेच्या बीटाची काढणी, बारा-बारा तासांच्या पाळ्या. बीटाचे डोंगर उघड्यावर रचतात आणि थंडीवर टिकवतात, त्यामुळे हवा फार गरम झाली तरी काम थांबतं आणि जमीन गोठली तरी थांबतं. नाताळच्या आधी गोदामांतली गर्दी. ॲमेझॉननं तर आरव्हीवाल्यांसाठीच 2008 पासून पुढे दीडेक दशक कॅम्परफोर्स नावाची खास भरती चालवली. साठी-सत्तरीची माणसं त्या गोदामांत रोज मैलोगणती चालत होती.

आता सगळ्यात चिवट जोडणी. पाणी, वीज, हवा यांची सोय यंत्रानं लावता येते, पण पत्ता कुठून आणायचा? वाहन परवाना, विमा, बँक खातं, कर, मतदान, ज्युरीचं बोलावणं, सगळ्यांना पत्ता लागतो. ‘सध्या वाळवंटात, मंगळवारी निघणार’ असं कुठल्याच अर्जात लिहिता येत नाही.

म्हणून फुलटायमर एक राज्य निवडतात. साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा ही आवडती तीन, तिन्हींत राज्याचा आयकर नाही. साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल घेणाऱ्या संस्थेचा पत्ता दाखवून रहिवासी म्हणून वाहन परवाना काढता येतो. टेक्सासमधलं लिव्हिंग्स्टन हे गाव वस्तीनं पाच-सहा हजारांचं, पण कागदोपत्री हजारो फिरत्या माणसांचं. जो आणि के पीटरसन या दांपत्यानं 1978 साली स्थापन केलेल्या एस्केपीज या आरव्ही क्लबची टपालसेवा तिथे आहे. पत्रं तिथे येतात आणि सभासद जिथे असेल तिथे पाठवली जातात.

लिव्हिंग्स्टनलाच या क्लबची आणखी एक सोय आहे. गाडी चालवणं आता झेपत नाही अशा सभासदांनी आपली आरव्ही तिथे आणून लावायची आणि तिच्यातच राहायचं. जेवण, देखभाल आणि डॉक्टरकडे नेण्या-आणण्याची व्यवस्था आवारात होते. म्हणजे नळ, तार आणि पत्ता तोडून निघालेल्यांनीच म्हातारपणासाठी शेजाराची जोडणी बांधून ठेवली.

आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारनं 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्यांबरोबर कॅरव्हॅन पार्कांचाही विचार होता. दिशा बरोबर आहे, कारण गाडी कोणीही विकत घेईल, पण मैल्याची टाकी रिकामी करायची जागा, रात्री निर्धास्त उभं राहायचा हक्क आणि मतदारयादीत नाव लावणारा पत्ता दुकानात मिळत नाही. ते समाजाला उभारावं लागतं, आणि अमेरिकेत ते उभं राहायला कित्येक दशकं लागली. आपल्याकडे कोणी चाकांवर कायमचं राहायला निघालं, तर त्यानं गाडीचं मायलेज विचारायच्या आधी हे तीन प्रश्न विचारावेत.